चौघांना विडा

माणसं पुरवणारी माणसं सांभाळायला एक माणूस नेमायचा आहे, हे वाक्य मी घरी जेवताना पहिल्यांदा उच्चारलं तेव्हा आमची सुलभा आमटीचा डाव हातात तसाच धरून माझ्याकडे बघत राहिली. "पुन्हा सांगा," ती म्हणाली. मी पुन्हा सांगितलं. दुसऱ्या खेपेला ते मलाही नीट कळलं नाही.

वास्तविक यात न कळण्यासारखं काही नव्हतं. कोप्पीकर रोडवर आमचं साड्यांचं दुकान आहे, कागलकर साडी सेंटर. एरवी पाच-सहा माणसांत भागतं. दिवाळी आली की तीसेक जादा माणसं लागतात. गठ्ठे उचलणारी, बिलं करणारी, दारात उभं राहून हसणारी, साड्या उलगडणारी आणि साड्यांच्या घड्या घालणारी. (उलगडणारी माणसं हुबळीत पैशाला पासरी मिळतात. घडी घालणारा मिळाला तर त्याला जावई करून घ्यावं.) ही माणसं आणून देणारे चार जण आहेत. जुन्या हुबळीचे अप्पाजी, जे माझ्या वडिलांपासून येतात आणि आल्यावर उठत नाहीत. दुर्गव्वा, जिच्याकडच्या बायका गिऱ्हाइकाला तिसऱ्या साडीवर गाठतात. धारवाडचा बाबू, ज्याची माणसं उंच आहेत, म्हणून तो दारासाठी. आणि प्रशिक, जो एम.कॉम. आहे, ज्याची रीतसर एजन्सी आहे आणि ज्याच्या माणसांच्या गळ्यात ओळखपत्रं असतात. चौघंही उत्तम. फक्त चौघांनाही वाटतं की सगळी माणसं त्यांच्याकडूनच घ्यावीत, आणि चौघांनाही मी "बघू की" म्हणतो. "बघू की" म्हणजे "होय" असं ते समजतात. मीही तसंच समजतो, हीच खरी अडचण आहे.

पुण्याहून अक्षय, म्हणजे आमचा मुलगा, फोनवर म्हणाला, "बाबा, मोठ्या कंपन्यांत ह्यासाठी वेगळे तज्ज्ञ असतात. व्हेंडर सिस्टिम सांभाळणारे. तात्पुरती माणसं कुणाकडून किती, कोण आलं, कोण नाही आलं, कुणाचं काम बरं, सगळं फोनवर दिसतं. तुम्ही फक्त गल्ल्यावर बसायचं." गल्ल्यावर मी तसाही बसतोच. पण मला 'तज्ज्ञ' हा शब्द आवडला. आमच्या दुकानात आजवर दिवाणजी होऊन गेले, गुमास्ते होऊन गेले, तज्ज्ञ कधी झाला नव्हता.

देशपांडे नगरात आमच्या शेजारी यशवंतराव राहतात. वीज खात्यातून निवृत्त झाल्यापासून ते दुसऱ्यांच्या घरातल्या निर्णयांवर काम करतात. त्यांना हे कसं कळलं ते मी विचारलं नाही, पण पहिल्या मुलाखतीला ते माझ्या आधी येऊन सोफ्यावर बसले होते आणि चिवड्याची बशी त्यांच्या समोर होती. "तुम्ही बोलू नका," ते मला म्हणाले, "तुमचा चेहरा बघून तो जास्त मागेल."

पहिले गृहस्थ टाय लावून आले. त्यांनी लॅपटॉप उघडून आम्हाला कुठल्यातरी गोदामाची चित्रं दाखवली, ज्यात हजारो माणसं निळ्या टोप्या घालून चालली होती. "तुमचं हेडकाऊंट किती?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, सध्या सहा, त्यातला एक आज रजेवर आहे. त्यांनी लॅपटॉप इतक्या हळुवारपणे मिटला की मला माझ्या दुकानाबद्दल वाईट वाटलं.

दुसरे व्हिडिओवर आले. बंगळूरची कंपनी होती. पडद्यावर सात-आठ चेहरे उमटले, म्हणजे विकणारे आमच्या अख्ख्या दुकानापेक्षा जास्त. प्रत्येकानं आपलं नाव आणि काम सांगितलं, ते संपेस्तोवर यशवंतरावांचा चिवडा संपला. मग त्यांनी विचारलं की तुमच्याकडे निर्णय कोण घेतं. मी आणि यशवंतरावांनी एकाच वेळी हात वर केला. आतून सुलभा हसल्याचं मला ऐकू आलं. तिसरा यशवंतरावांचा स्वतःचा पुतण्या होता. त्याच्याकडे कोर्सचं प्रमाणपत्र होतं आणि ते त्यानं लॅमिनेट केलं होतं. त्याच्याविषयी मी जास्त बोलत नाही, शेजारात राहायचं आहे.

शेवटी सुलभा म्हणाली, "धारवाडच्या माझ्या मैत्रिणीची मुलगी आहे, दीपश्री. बंगळूरला हेच काम करायची. आता इकडे येऊन स्वतःचं सुरू केलंय तिनं. मी बोलावलंय उद्या." बोलावलं आधी आणि सांगितलं नंतर, अशी आमच्याकडे पद्धत आहे.

दीपश्री स्कूटरवरून आली, हेल्मेट चपलांच्या स्टँडवर ठेवलं आणि यशवंतरावांना नमस्कार करून सोफ्यावरच्या त्यांच्या खास जागी बसली. यशवंतराव उभेच राहिले. त्यांनी तिला परीक्षेचा प्रश्न घातला, "समजा, तीस माणसं सांगितली आणि वीसच आली. काय कराल?"

"वीसच येणार हे मला आदल्या दिवशी दुपारी कळलेलं असेल," ती म्हणाली. "म्हणून उरलेली दहा मी दुसऱ्याकडून सांगितलेली असतील." मग तिनं मोहरा माझ्याकडे वळवला. "काका, चौघांपैकी कुणाला तुम्ही आजवर नाही म्हटलंय?"

मी छताकडे पाहिलं. पंख्यावर जळमटं बरीच साठली होती.

"नाही म्हटलंय का कधी कुणाला?" तिनं विचारलं, आणि आतून सुलभाच्या हसण्याचा आवाज या वेळी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आला. दीपश्री जाताना म्हणाली, "मी काम घेते. एकच अट आहे. कुणालाही परस्पर शब्द द्यायचा नाही. शब्द माझ्याकडून जाईल." मी म्हटलं, "बघू की." ती म्हणाली, "बघू की नको काका. होय म्हणा." मी होय म्हटलं.

मला आजवर कामाची माणसं भरपूर भेटली, पण काम असं हसतखेळत अंगावर घेणारं माणूस भेटलं नव्हतं. जादा माणसं ठेवायची तर सरकारी पोर्टलवर दुकानाची नोंदणी ताजी करावी लागते. ती करायला गेलो तर ओटीपी आमच्या बापूंच्या, म्हणजे वडिलांच्या, नंबरवर जाऊ लागला. बापूंना जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांचा नंबर निपाणीच्या आमच्या आत्याकडे आहे, कारण बापूंची आठवण म्हणून तिनं तो मागून घेतला. नंबर बदलायचा तर अर्ज करा, खिडकीवरचे गृहस्थ म्हणाले. अर्ज केला. अर्ज पुढे जायला ओटीपी लागतो, असं दुसऱ्या खिडकीवर कळलं. तो ओटीपी अर्थात बापूंच्या नंबरवर. मी आत्याला फोन केला. आत्यानं आधी माझी तब्येत विचारली, मग स्वतःच्या गुडघ्याचं सांगितलं, मग दुसऱ्या गुडघ्याचं. ती ओटीपीपर्यंत पोचली तेव्हा तो मुदत संपून मेला होता. असं तीनदा झालं. चौथ्यांदा आत्याच म्हणाली, "अरे, तू काय त्या आकड्यांसाठीच फोन करूलालायस होय?" आणि रुसली.

दीपश्रीनं काय केलं? तिनं ऑफिसात जायच्या आधी आत्याला फोन लावला. दोन्ही गुडघ्यांची चौकशी केली, शेक कशाचा घ्यायचा ते सांगितलं, आणि मग म्हणाली, "आत्या, आता गप्पा मारतच राहू, मध्येच एक मेसेज येईल, तेवढा वाचून दाखवा." आत्यानं तो आकडा शाळेतल्या पाढ्यासारखा मोठ्यानं म्हणून दाखवला. नोंदणी झाली. आत्याचा अजून मला फोन येत नाही, दीपश्रीला येतो.

मग तिनं चौघांना फोनवर सिस्टिम शिकवली. बाबू आणि प्रशिक लगेच शिकले. दुर्गव्वेला नावं टाईप करायची नव्हती, तर तिनं बोलून नोंदवायची सोय करून दिली. आता दुर्गव्वा फोनला दटावून नावं सांगते. अप्पाजींना तिनं जुन्या हुबळीत त्यांच्या घरी जाऊन शिकवलं. "बर्री, कूडर्री," म्हणत त्यांनी तिला बसवून घेतलं, चुरमुरे-मिरची खाऊ घातली आणि वर तिची सगळी सिस्टिम ऐकून घेतली. काम तिनं वाटून दिलं होतं. उचलायला अप्पाजींची माणसं, विक्रीला दुर्गव्वेच्या बायका, दारात बाबूची, बिलांवर प्रशिकची. मिळून तीस. कुणाचा मान कमी नाही, कुणाची तक्रार नाही. जाता येता ती रोडवरच्या इतर दुकानांतही डोकावायची, चहा प्यायची, त्यांची अडचण विचारायची. शेजारच्या मिक्सर-पंख्यांच्या दुकानातले शिवानंद अण्णा तिला म्हणाले, "सिस्टिम गिस्टिम आयटीवाल्यांना, अक्का. आम्हाला माणूस बघून माणूस कळतो." ती हसली आणि त्यांचा चहा संपवून उठली.

आणि दसरा आला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या दुकानाची बापूंपासूनची रीत अशी, की दसऱ्याला माणसं आणणाऱ्याच्या हातात विडा आणि नारळ द्यायचा. विडा दिला म्हणजे दिवाळीची माणसं त्याची, सगळी. त्यावर लेखी काही नाही, बोलणंही नाही. आणि दिलेला विडा कागलकरांनी आजवर फिरवलेला नाही. बाजारात आमचं जे काही नाव आहे ते साड्यांमुळे आहे असं मला वाटत असे. बापू म्हणत, साड्या समोरच्या दुकानातही आहेत.

दीपश्रीला या रिवाजाची कल्पना होती. "ह्या वर्षी विडा नको," तिनं मला आठवण करून दिली होती. मी ठाम होतो. सकाळी पूजा झाली, सुलभानं ताटात विडे लावून ठेवले, देवाला, घरातल्या मोठ्यांना, आल्यागेल्याला. मी गल्ल्यावर ठामपणे बसलो आणि अप्पाजी आले.

ते बन्नीची, म्हणजे शमीची, पानं घेऊन आले होते. आमच्याकडे दसऱ्याला बन्नी देऊन म्हणतात, "बन्नी तगोंडु बंगारदंग इरोणु", बन्नी घेऊन सोन्यासारखं राहू या. वर्षभराचा भांडणतंटा त्या दिवशी सोडून देतात. अप्पाजींनी पानं माझ्या हातात ठेवली आणि मान वाकवली. त्यांचे केस अगदी पांढरे झाले आहेत हे मला त्याच दिवशी दिसलं. ते काही मागत नव्हते. नुसते उभे होते. ताट शेजारी होतं. बन्नी देणाऱ्याला त्या दिवशी रिकाम्या हातानं कसं पाठवायचं, तुम्हीच सांगा.

अप्पाजींना दिला, मग दुर्गव्वा आली. तिनं बन्नी दिली आणि ताटाकडे बघून म्हणाली, "काय करूलालाय सावकार, ताट अर्धं दिसतंय." बाईमाणूस, तिला नाही कसं म्हणायचं. तिला दिला तर बाबूनं रस्त्यावरून पाहिलं. प्रशिक सगळ्यात शेवटी आला, तोही नुसता शुभेच्छा द्यायला. तो काही बोलला असता तर मी कदाचित थांबलो असतो. तो काहीच बोलला नाही, आणि एकट्यालाच वगळलं असं त्याला वाटायला नको म्हणून मी त्याला स्वतः हाक मारून बोलावलं. ताट रिकामं झालं. सुलभानं ताटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि देवापुढचा विडा उचलून आत कपाटात ठेवला.

दीपश्रीला मी काहीच सांगितलं नाही. माझी समजूत अशी होती की विडा म्हणजे मान, आणि आकडा म्हणजे सिस्टिम. मान सगळ्यांना दिला, आकडा तिनं ठरवला, कुठे बिघडलं? ही समजूत मी स्वतःला इतक्या वेळा सांगितली की मला ती पाठ झाली.

सीझनच्या पहिल्या दिवशी मी दुकानाशी पोचलो तर रस्ता भरला होता. चौघांनीही विड्याला जागून आपापली पुरती तीस माणसं आणली होती. फोनवर काय लिहिलंय ते बघायची कुणाला गरज वाटली नव्हती, सावकारांनी हातानं विडा दिल्यावर फोन कशाला बघायचा. डाव्या हाताला अप्पाजींची माणसं, उजव्या हाताला दुर्गव्वेच्या बायका, नटूनथटून, गजरे माळून. मध्ये बाबूची उंच माणसं. प्रशिकची ओळखपत्रं लावून रांगेत उभी. आणि माझं दुकान असं, की तिसाव्या माणसाला आत घ्यायचं तर पहिल्याला पोटमाळ्यावर चढवावं लागतं.

"काय अण्णा, मोर्चा आहे?" वाहतूक पोलिसानं विचारलं. तेवढ्यात कुणीतरी बोललं की कागलकर फुकट साड्या वाटतायत, आणि मार्केटला निघालेल्या बायका रांगेला येऊन लागल्या. यशवंतरावही आले. ते देशपांडे नगरातून इतक्या लवकर कसे आले हे देवालाच ठाऊक. "मी म्हणत होतो," ते म्हणाले. ते काय म्हणत होते हे त्यांनी सांगितलं नाही.

मी पायरीवर उभा होतो. अप्पाजी पुढे आले. त्यांनी हात जोडले नाहीत, आवाजही चढवला नाही. त्यांनी समोरच्या तिन्ही घोळक्यांकडे पाहिलं आणि मला विचारलं, "सावकार, यातले परत कोण जाणार?"

शंभरावर माणसं, सणाचं काम मिळालं म्हणून घरी सांगून आलेली. त्यातल्या तीन भागांना मी परत पाठवलं तर विडा फिरला. नाही पाठवलं तर दुकान बसलं. बापूंचा फोटो आत भिंतीवर आहे, नशीब माझं की त्या जागेवरून रस्ता दिसत नाही. मला त्या वेळी खरोखर रडू येत होतं आणि ते येऊ नये म्हणून मी शटरची कुलपं पुन्हा पुन्हा तपासत होतो.

दीपश्रीची स्कूटर आली. तिनं एकवार गर्दी पाहिली, हेल्मेट काढलं आणि माझ्याशेजारी येऊन हळूच विचारलं, "काका, विडा कितीजणांना?"

"चौघांना," मी म्हटलं.

ती रागावली नाही. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. तिनं क्षणभर डोळे मिटले, मग फोन काढला आणि चौघांना जवळ बोलावलं. "माणसं परत जायची नाहीत," ती म्हणाली. "पण आता मी सांगेन तिथे उभी राहायची. चालेल?" चौघांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली, ते काम मला जमतं.

मग ती निघाली. मी आयुष्यात तोवर बघितलेल्या कामांपैकी इतकं देखणं काम दुसरं नाही. चहा पिता पिता तिनं प्रत्येक दुकानाची गरज डोक्यात आणि फोनवर साठवून ठेवली होती. शिवानंद अण्णांना मिक्सर दाखवायला बायका हव्या होत्या, सांगायला लाजत होते. त्यांनी दुर्गव्वेच्या आठ जणी घेतल्या, माणूस बघून माणूस कळायला त्यांना वेळच मिळाला नाही. भांड्यांच्या दुकानाला उचलणारे हवे होते, मिठाईवाल्यांना बिलं करणारे, नव्या कपड्यांच्या मॉलला दारात उंच माणसं. ती पुढे, मागे प्रशिक, त्यामागे माणसांची रांग, आणि प्रत्येक दुकानापाशी रांग थोडी आखूड होत होती. प्रत्येक माणसाच्या फोनवर तिथल्या तिथे संदेश जात होता, कुठे, कुणाकडे, किती वाजेपर्यंत. फुकट साडीच्या रांगेतल्या दोघी-तिघींनीही काम विचारलं, त्यांनाही मिळालं.

एका मोठ्या दुकानदारानं तिला पंधरा बायका एकदम मागितल्या. दुर्गव्वा खूश झाली. दीपश्रीनं आत नजर टाकली आणि विचारलं, "बसायला जागा कुठे आहे ह्यांना?"

"सेल्सच्या बायका बसतात कशाला?" तो म्हणाला.

"मग नाही," दीपश्री म्हणाली, आणि पुढच्या दुकानाकडे वळली. तो पंधराच्या वीस करायला तयार झाला, जास्त द्यायला तयार झाला. ती थांबली नाही. तासाभरानं त्याच्या दुकानापुढे टेम्पोतून स्टुलं उतरताना मी डोळ्यांनी पाहिली. मग तिनं बायका दिल्या.

दुपारी जरा निवांत झाल्यावर चौघं आमच्या पायरीवर चहा पीत बसले. सगळी माणसं कामाला लागली होती, एकही परतलं नव्हतं. यशवंतराव रस्त्यावर लोकांना सांगत होते की ही सगळी योजना मुळापासून त्यांच्या सोफ्यावर ठरली. सोफा माझा होता, पण मी तेवढ्यासाठी उठलो नाही.

मी अप्पाजींना म्हटलं, "चुकलंच माझं. चौघांना द्यायला नको होता."

"होगली बिडर्री," ते म्हणाले, जाऊ दे. मग बशीत चहा ओतत म्हणाले, "आम्हाला माहीत होतं की. दुर्गव्वेला दिला तो मी बघितला, बाबूला दिला तो तिनं. पण हातात विडा आल्यावर माणसं न आणणं आम्हाला शोभत नाही. तुम्हाला नाही म्हणायला येत नाही, हे साऱ्या हुबळीला ठाऊक आहे. म्हणून तुमचं होय आम्ही अर्धंच धरतो. ती मुलगी तोंडावर नाही म्हणते. मग तिनं होय म्हटलं की आम्ही ते पुरतं धरतो."

मला राग यायला हवा होता. आला नाही. माझ्या होयाची किंमत इतक्या मायेनं मला आजवर कुणी सांगितली नव्हती.

तेवढ्यात तो मोठा दुकानदार स्वतः चालत आला. आमच्या दुकानात त्याचं पाऊल मी पहिल्यांदाच पाहत होतो. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "कागलकर, तुमची ती मुलगी फार हुशार. सीझनभर माझ्याकडे पाठवून द्या. तुमचं काय, छोटं दुकान, तुमचं भागेल. मोठी माणसं आपण, एकमेकांचं बघायला हवं."

चौघांच्या बश्या हवेत थांबल्या. सुलभा गल्ल्यावरून बघत होती. दीपश्री खाली मान घालून फोनवर काहीतरी करत होती. माझ्या तोंडात "बघू की" तयारच होतं, ते नेहमीच तयार असतं.

"नाही," मी म्हटलं.

तो शब्द माझ्या तोंडून निघाला यावर माझाही विश्वास बसेना. दुकानदार हसला, त्याला वाटलं मी थट्टा करतोय. मी पुन्हा म्हटलं, "नाही. देणार नाही." तो माझ्या खांद्यावरचा हात काढून निघून गेला.

अप्पाजींनी चहाची बशी ओठांना लावली. दीपश्रीनं फोनवरून मान वर केली.

"काका, मी कुणाकडे काम करायचं ते मी ठरवणार," ती म्हणाली. "तुम्ही देणार नाही म्हणजे काय? मी काय ठेव आहे तुमची?"

मी पुरता वरमलो. ती हसली.

"पण नाही चांगलं म्हणालात. उद्या सकाळी लवकर या, आजचं बघून चौघं पुन्हा जास्तीची माणसं आणतील. आजचं माझ्याकडून झालं. उद्या नाही तुम्ही सांगायचं."